भांड्यात सोडलेला घोट

१

शुक्रवारी सकाळी वहिनींनी वाइनरीतल्या टेस्टिंग रूमचं दार उघडलं, तेव्हा त्यांना आधी दिसल्या त्या छत्र्या. एरवी दाराजवळच्या उंच पितळी भांड्यात खोचलेल्या असायच्या, त्या आज भिंतीला टेकून ओळीनं उभ्या होत्या. सगळ्यात लांब डावीकडे, सगळ्यात छोटी उजवीकडे आणि सगळ्यांच्या मुठी एकाच दिशेला. भांडं जागेवर नव्हतं. ते काउंटरजवळ, पाहुण्यांच्या स्टुलाशेजारी होतं. काउंटरवर एक पांढरा कागद, बशीत बिस्किटांचा चुरा आणि मधोमध ती बाटली. बूच परत लावलेलं, पण वाइन गळ्यापासून बरीच खाली उतरलेली.

"अहो!" वहिनी अशा ओरडल्या की मालक वेलींमधून पळत आले. बुटांचा चिखल त्यांनी पुसला नाही आणि वहिनींनीही त्यावरून काही ऐकवलं नाही. प्रसंग किती गंभीर होता ते यावरून ओळखावं.

बाटली साधीसुधी नव्हती. मालकांच्या वडिलांनी हा डोंगरउतार लावला, पहिली द्राक्षं पिळली, त्या पहिल्या हंगामातली ही शेवटची बाटली. काचेच्या कपाटात आडवी निजवून कुलपात ठेवलेली. येत्या रविवारी टेस्टिंग रूम कायमची बंद व्हायची होती. जमिनीचा सौदा ठरला होता, वेली निघणार होत्या आणि तिथं बंगले उभे राहणार होते. शेवटच्या दिवशी जे कोणी जुने पाहुणे येतील त्यांना या बाटलीतला एकेक घोट द्यायचा आणि मग दार ओढून घ्यायचं, एवढंच मालकांनी मनाशी धरलं होतं.

कपाटाचं कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्लीनं नीट उघडून परत लावलेलं होतं. मालकांनी पितळी भांड्यात वाकून पाहिलं. तळाशी गडद लाल वाइन होती.

"थुंकलीय," ते म्हणाले. "माझ्या बापाची वाइन तोंडात घेऊन इथं थुंकलीय कोणीतरी!"

आणि वाइन तोंडात घेऊन थुंकणारा माणूस त्या आवारात एकच होता.

२

तो माणूस म्हणजे उस्ताद. मालकांच्या वडिलांच्या हाताखाली तयार झालेला, तळघरातल्या पिंपांचा कारभारी. वाइन बनवणाऱ्याला दिवसभर या पिंपातली, त्या पिंपातली चाखावी लागते. गिळत बसला तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत आडवा व्हायचा. म्हणून तो थुंकतो. त्यात कमीपणा काही नाही, ती त्याच्या धंद्याची रीत आहे.

कपाटाच्या किल्ल्या दोन. एक मालकांच्या जुडग्यात, दुसरी उस्तादांकडे. गुरुवारी टेस्टिंग रूमला सुट्टी असते. मालक आणि वहिनी सौद्याच्या सह्या करायला शहरात गेले होते आणि आवारात उस्ताद एकटे होते. शिवाय फडताळात दोन ग्लास धुऊन उलटे टांगलेले सापडले. म्हणजे दोघं होते. आणि येत्या सोमवारी उस्ताद दुसऱ्या वाइनरीत कामाला लागणार होते.

"नव्या मालकाला खूश करायला आणलं असणार चोरून," मालक म्हणाले. डोकं तापलं की त्यांना फोन आवरत नसे. त्यांनी त्या वाइनरीला फोन लावून विचारलं, काल तुम्ही आमच्याकडे आला होतात का? तिथला मालक बिचारा कानावर हात ठेवून मोकळा झाला, पण बिथरला. "भानगड आधी मिटू द्या," त्यानं उस्तादांना कळवलं. "नाही मिटली तर सोमवारी येऊ नका."

उस्तादांचं वय असं की आता दुसरं कोणी त्यांना दारात उभं केलं नसतं. आणि सगळी हयात गेली पिंपांत, त्यामुळे दुसरं काही जमण्यासारखंही नव्हतं. ते तळघरात जाऊन एका पिंपाला पाठ टेकून बसून राहिले.

वहिनींना ते बघवेना. पोलिसांना बोलवायचं तर शेवटच्या दिवसाची शोभा. म्हणून त्यांनी कोरडेसाहेबांना फोन केला.

साहेबांचं नाव खरं म्हणजे दुसरंच होतं. पण अबकारी खात्यात सगळी नोकरी केली, हातभट्ट्या उद्ध्वस्त केल्या, गोडाउनं सील केली, नुसत्या वासावरून भेसळ ओळखली आणि स्वतः थेंबाला शिवले नाहीत. मग लोक कोरडे म्हणणार नाहीत तर काय? त्यांची बायको मात्र या टेस्टिंग रूमवर जीव टाकायची. दर हिवाळ्यात ती त्यांना घेऊन यायची. खिडकीजवळच्या स्टुलावर ती बसायची आणि शेजारच्यावर हे, लिंबू सरबत घेऊन. गेल्या हिवाळ्याच्या आधी ती गेली. तेव्हापासून साहेब या रस्त्याला फिरकले नव्हते.

साहेबांनी वहिनींचं सगळं ऐकून घेतलं.

"भांड्यात थुंकली?" त्यांनी विचारलं. "नक्की त्याच भांड्यात? पितळीच?"

"हो ना. का?"

"वहिनी, मी इतके हिवाळे शुद्धीवर बसून तुमचं गिऱ्हाईक बघितलंय. त्या भांड्यात आजवर कोणीही थुंकलेलं नाही. मी येतो."

३

दुपारी साहेबांची जुनी मोटार आवारात शिरली तेव्हा तिथं ती एकटीच उभी राहिली. एके काळी इथं बस लावायला जागा नसे. कधी लग्न ठरलेली जोडपी यायची, कधी कंपन्यांच्या सहली, कधी वाढदिवसाला आलेल्या म्हाताऱ्या बहिणी. टोप्या घालून वेलींमधून फिरायच्या, ग्लास वर धरून फोटो काढायच्या. मग लोक घरबसल्या बाटल्या मागवायला लागले. नवा रस्ता डोंगराला वळसा घालून गेला. तरुण मंडळी वाइन पिईनाशी झाली आणि जी पीत होती त्यांना पलीकडच्या टेकडीवरचं तलाव आणि गाणी असलेलं रिसॉर्ट आवडलं. कोणी भांडलं नाही, कोणी नावं ठेवली नाहीत. फक्त यायचे बंद झाले, आणि तेच जास्त लागतं.

साहेबांनी आत पाऊल टाकलं आणि खिडकीकडे बघायचं टाळलं. खिडकीबाहेर ड्रायव्हर लोकांसाठी टाकलेला बाक तसाच होता, त्यावर पाचोळा साचला होता.

त्यांनी ग्लास उतरवून नाकाशी धरले. एका ग्लासाला कसलाच वास नव्हता. दुसऱ्याला होता. त्यांनी पुन्हा हुंगलं.

"वहिनी, इथं ग्लास साबणानं धुता?"

"छे! सासऱ्यांची सक्त ताकीद. साबणाचा वास राहिला की वाइन बिघडते. नुसतं कडकडीत पाणी. या खोलीत साबणाची वडीसुद्धा नाही."

"मग कुठे आहे?"

"बाथरूममध्ये. हात धुवायचा."

साहेब बाथरूममध्ये जाऊन वडी हुंगून आले आणि मान डोलावली. दोहोंपैकी एक ग्लास इथल्या रीतीनं धुतला होता. दुसरा कोणीतरी बेसिनमध्ये हात धुवायच्या साबणानं घासून आणला होता. एका माणसाला हे घर पाठ होतं. दुसरा अगदी परका होता, पण खरकटा ग्लास तसाच टाकून जाणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"असला कसला चोर हो?" वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही कुठे होतात?" साहेबांनी हळूच विचारलं.

वहिनी हसल्या. "सह्या करत होते. आणि खरं सांगू? मला ही खोली बंद होतेय याचं दुःख नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून रविवार म्हणजे काय ते माहीत नाही मला. सगळ्यांचा रविवार आमच्या काउंटरवर साजरा व्हायचा. पण बाटली उघडायला मला स्क्रू धरता येत नाही. आणि भांड्याचं म्हणाल तर त्यात छत्र्या मीच ठेवल्या. कोणी वापरेच ना, मग उगाच पितळ घासत कशाला बसायचं?"

साहेबांनी बाटलीला परत लावलेलं बूच हलकेच काढलं. जुनं, मऊ पडलेलं, हात लागताच भुगा व्हावं असं. आणि ते एकसंध निघालं होतं. कडेला चीरसुद्धा नव्हती.

हे काम कसबी हाताचं होतं. ते बूच खिशात घालून साहेब तळघराच्या पायऱ्या उतरले आणि त्यांच्या मनात पहिल्यांदाच आलं, उस्तादांनीच तर नसेल केलं?

४

उस्ताद गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून होते. साहेबांना बघून उठले नाहीत.

"काल दुपारी काय करत होतात?"

"पिंपं धूत होतो. पंप चालू होता. वर हत्ती नाचले असते तरी कळलं नसतं."

"मागचं दार?"

"उघडंच. पाणी बाहेर सोडावं लागतं ना. मी पार त्या टोकाला होतो, पाठ करून. कोणी इथून वर गेलं असेल तर मला दिसलं नाही, एवढंच सांगू शकतो."

साहेबांनी बूच पुढे केलं. उस्तादांनी ते तळहातावर घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "छान काढलंय," ते म्हणाले. मग एकदम भडकले. "साहेब, मी थुंकतो. लपवतो का? पण थुंकतो ते इथं, या मोरीत, बूट घालून. पांढरा कागद घेऊन, बिस्किटं मांडून, छत्र्या काढून कोण थुंकतो? मला रंग बघायला कागद लागतो? मी काय सहलीला आलोय?"

साहेब जागच्या जागी थांबले. "काय म्हणालात?"

"म्हटलं, सहलीला आलोय का मी!"

साहेब तडक परत वर आले. काउंटरवरची सगळी मांडणी त्यांनी आता नव्यानं बघितली. कागद स्टुलाच्या समोर. बिस्किटांची बशी हाताशी. भांडं उजव्या बाजूला. कोणी घाईनं, चोरून प्यायलं नव्हतं. कोणीतरी कोणालातरी अगदी सावकाश, पायरी पायरीनं वाइन चाखायला शिकवलं होतं. पाहुण्याला शिकवतात तसं.

"आता पाहुण्यांना कोण शिकवतं?" त्यांनी मालकांना विचारलं.

मालकांनी भिंतीवरच्या टीव्हीसारख्या पडद्याकडे बोट केलं. "तोच. कानाला लावा, सगळं सांगतो. सहा भाषांत."

साहेबांनी हेडफोन चढवला. एक गुळगुळीत आवाज बोलू लागला. ग्लास धरा, रंग पाहा, फिरवा, वास घ्या, घोट घ्या, आस्वाद घ्या, बाहेर दुकान आहे. संपलं. साहेबांनी ते पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा ऐकलं. मालकांना वाटलं, साहेबांना ऐकू कमी येतंय.

"यात भांड्याचं काहीच नाही," साहेब म्हणाले.

"ते गाळलं. लोकांना किळस येते."

"पण ताई सांगायच्या."

मालकांचा चेहरा दगडासारखा झाला. वहिनी दुसरीकडे बघू लागल्या.

ताई म्हणजे मालकांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, या काउंटरशीच केलं म्हणा ना. बस आली की एप्रन बांधून उभी राहायची आणि बोलायला लागायची. साहेबांच्या बायकोला ते भाषण तोंडपाठ होतं, तरी दर वर्षी ती नव्यानं ऐकायची. शेवटी ताई भांड्याकडे बोट करायच्या. "आता हा घोट जिभेवर फिरवा आणि इथे सोडून द्या. परत न्यायची ती आठवण, पोटात काही न्यायचं नाही." आणि सगळी बस खो खो हसून घोट गिळून टाकायची. विकतचा घोट कोण सोडतो? मग एक दिवस मालकांनी पडदे आणले. ताईंनी विचारलं तर सगळ्यांसमोर म्हणाले, तुझं तेच तेच किती ऐकायचं लोकांनी? ताईंनी एप्रन सोडून काउंटरवर ठेवला, या दारातून पुन्हा पाऊल टाकणार नाही म्हणाल्या आणि पाहुण्यांच्याच बसमध्ये बसून शहरात निघून गेल्या. त्यानंतर बहीणभावात एक शब्द नाही.

"एप्रन ठेवला," साहेब म्हणाले. "किल्ली ठेवली होती का?"

मालकांचा हात आपल्या जुडग्याकडे गेला.

"ताई कशाला येईल चोरासारखी?" ते म्हणाले. "आणि कोणाला घेऊन येईल? असा कोण येडा आहे, जो खरंच भांड्यात थुंकेल?"

साहेब खिडकीबाहेर बघत होते. त्यांना पाचोळ्यानं झाकलेला तो बाक दिसत होता.

५

शनिवारी दुपारी शहरातल्या एका शाळेबाहेर साहेब गाडी शोधत होते. टेस्टिंग रूमला वर्षानुवर्षं पाहुण्यांच्या बस आणणाऱ्या ड्रायव्हरकाकांनी सहली बंद झाल्यावर एक पांढरी व्हॅन घेतली होती आणि आता ते पोरं ने-आण करायचे. वहिनींकडून साहेबांना तेवढा पत्ता लागला होता.

शाळा सुटली होती. पोरं आत गोंधळ घालत होती आणि काका मागचं दार उघडून दप्तरं लावत होते. सगळ्यात मोठं डावीकडे, सगळ्यात छोटं उजवीकडे. सगळे पट्टे एकाच दिशेला.

साहेब बघत राहिले. मग जवळ जाऊन म्हणाले, "छत्र्यासुद्धा छान लावल्या होत्यात."

काकांच्या हातातलं दप्तर खाली पडलं. त्यांनी ते उचललं, झटकलं आणि जागेवर ठेवलं. "मी एकटाच गेलो होतो," ते म्हणाले. "मीच उघडली बाटली. काय शिक्षा असेल ती द्या. पोरांना सोडून येतो, मग न्या मला."

हा कबुलीजबाब इतका पटकन आला की साहेबांना तो घ्यावासा वाटेना. त्यांनी पिशवीतून एक स्वस्तातली बाटली आणि एक स्क्रू काढला. आयुष्यात पहिल्यांदा ते दुकानात जाऊन बाटली विकत घेऊन आले होते. दुकानदारानं कुठली देऊ विचारल्यावर "बूच असलेली" म्हणाले होते आणि तो अजून हसत असणार.

"उघडा," ते म्हणाले.

काकांनी स्क्रू हातात घेतला. आधी उलटा फिरवला. मग सुलटा, पण तिरका. बूच मध्येच फुटलं आणि अर्धं आत पडलं. व्हॅनमधली पोरं टाळ्या वाजवायला लागली.

"एवढी जुनी बाटली तुम्ही उघडली असतीत तर त्या वाइनमध्ये भुगा तरंगला असता," साहेब हळू आवाजात म्हणाले. "काका, बाटली उघडली ताईंनी. तुम्ही फक्त बसलात, आणि त्यांनी सांगितलं तसं केलंत. शेवटपर्यंत. भांड्यात सोडायलाही चुकला नाहीत."

काका खाली बघत राहिले. "त्यांना विचारल्याशिवाय मी काही बोलणार नाही. शब्द दिलाय."

"नका बोलू. पण तळघरात एक माणूस दोन दिवस जेवला नाही. उद्या संध्याकाळपर्यंत हे मिटलं नाही तर सोमवारी त्याला कामावर घेणार नाहीत. सगळे म्हणतायत उस्तादांनी चोरी केली. एवढंच ताईंच्या कानावर घाला."

"उस्तादांनी?" काकांनी दचकून वर बघितलं. "अहो, त्यांचा काय संबंध! आम्हाला वाटलं, भावाला कळेल. ओळखेल तो. म्हणून तर तसंच ठेवून आलो. त्याला कळायलाच हवं होतं."

साहेबांनी बाटली परत पिशवीत ठेवली. भावानं बहिणीचा हात ओळखावा म्हणून सगळं मांडून ठेवलेलं, आणि भावानं त्यात चोर बघितला.

काकांनी व्हॅनचं दार लावलं. आता ते आपणहून बोलले. "सगळी उमर त्या खिडकीखाली बसलो, साहेब. बस भरून माणसं न्यायची, बस भरून आणायची. चालवायचं असतं, म्हणून आपण आत जायचं नाही. पण ताईंचा आवाज यायचा. रोज यायचा. मला वाटायचं, एकदा आपण आत असावं आणि त्यांनी ते सगळं आपल्याला सांगावं. बस्स, एवढंच. बोललो नाही कधी. ते बंद होणार म्हणून पेपरात वाचलं आणि बोललो. त्या म्हणाल्या, चला. मागच्या दारानं जाऊ, मी पुढच्या दाराची शपथ घेतलीय."

"आणि सोडलात घोट?"

"त्या म्हणाल्या सोडा, म्हणून सोडला. आणि परत चालवायचं होतंच की."

"कशी होती?"

"मला काय कळतंय त्यातलं? पण ताई जे जे म्हणाल्या ते सगळं जिभेला लागलं," काका म्हणाले आणि रुमालानं चष्मा पुसू लागले.

साहेबांनी मान वळवली. बायकोच्या शेजारच्या स्टुलावर सरबत घेऊन बसलेला माणूस त्यांना चांगला ठाऊक होता. तो तिथं सरबतासाठी बसत नसे. आणि आता त्याला एकदाच, फक्त एकदाच त्या खिडकीजवळ तिला बसलेलं बघायचं होतं, आणि ते कोणीही करून देऊ शकणार नव्हतं.

"ताई येतील का?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या दारानं?" काका व्हॅनमध्ये चढले. "सांगता येत नाही, साहेब. फार हट्टी आहेत."

६

रविवारी सकाळपासून फार कोणी आलं नाही. एक म्हातारं जोडपं आलं, काठ्या टेकत. एक बाई आल्या, त्यांचं लग्न इथं ठरलं होतं. नवरा आला नव्हता आणि तो का आला नाही ते त्यांनी सांगितलं नाही. मालक कडक इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते आणि रस्त्याकडे बघत होते.

साहेबांनी मालकांना, वहिनींना आणि उस्तादांना काउंटरशी बोलावलं आणि सगळं सांगितलं. साबण, बूच, कागद, पडद्यानं गाळलेलं भांडं. "दोन माणसं होती. एकाला हे घर पाठ होतं, दुसऱ्याला फक्त ताईंचं बोलणं. उस्तादांना बूच काढता येतं, पण ते पाहुण्याला भाषण देत नाहीत आणि मोरी सोडून कुठे थुंकत नाहीत. आणि तुमचा पडदा भांडं वापरायला शिकवतच नाही. ते शिकवणारं माणूस एकच. तिसरी किल्लीही तिच्याकडेच."

"हे सगळं तुमच्या कल्पनेतलं!" मालक म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "तिनं येऊन सांगू दे."

बाहेर हॉर्न वाजला.

पांढरी व्हॅन अगदी दाराशी येऊन थांबली होती. पुढच्या सीटवर ताई बसल्या होत्या, हातात पर्स घट्ट धरून. उतरल्या नाहीत. काच खाली करून मोठ्यांदा म्हणाल्या, "उस्ताद! बाटली मी उघडली. माझ्याकडच्या किल्लीनं. तुमचं नाव घेणाऱ्याला सांगा, मी सांगितलंय म्हणून." आणि त्यांनी पर्समधून किल्ली काढून काचेबाहेर धरली.

मालकांनी ती किल्ली बघितली. मग त्यांनी खिशातून फोन काढला. सगळ्यांदेखत त्या दुसऱ्या वाइनरीला लावला. "मी परवा मूर्खपणा केला," ते म्हणाले. "आमच्या उस्तादांनी काहीही केलेलं नाही. त्यांच्यासारखा माणूस तुम्हाला मिळतोय म्हणून मला तुमचा हेवा वाटतो." फोन ठेवून ते उस्तादांकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. उस्तादांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं, लहानपणी थोपटायचे तसं.

मग मालक व्हॅनजवळ गेले. साहेब दारात होते, त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"ताई, मला सांगायचंस ना. फोन करायचास."

"तुझ्या पडद्यानं उचलला असता. सहा भाषांत."

मालक हसले नाहीत. "बाटली रविवारसाठी ठेवली होती मी."

"माझ्याही बापाची होती. ती भरली तेव्हा हाताखाली मी होते, तू पाळण्यात होतास." ताईंचा आवाज एकदम उतरला. "अर्धी ठेवलीय तुझ्यासाठी. उस्तादांवर येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं रे. मला वाटलं, बघशील आणि कळेल तुला. सगळं मी लावते तसंच लावलं होतं."

"मला कसं कळणार?" मालक म्हणाले. त्यांनी व्हॅनच्या खिडकीवर दोन्ही हात टेकवले होते आणि मान खाली घातली होती. "मी कधी ऐकलंच नाही, ताई. सगळ्या जगानं ऐकलं. मी मागे असायचो, वेलींत, नाहीतर शहरात. आणि तेच तेच म्हणालो ते न ऐकताच म्हणालो."

ताईंनी घट्ट धरलेली पर्स मांडीवर ठेवली. काका समोर स्टिअरिंगकडे बघत होते, जणू त्यांना ऐकूच येत नव्हतं.

"आत ये," मालक म्हणाले. "उद्या हे दार राहणार नाही. चूक माझी आहे. ये."

ताईंनी काच वर केली. मालक तसेच उभे राहिले. मग दार उघडलं आणि ताई उतरल्या, एकेक पाय सावकाश टेकत, आणि पुढच्या दारातून आत गेल्या. साहेबांनी काकांना हाताला धरून खाली ओढलं. "आज गाडी मी चालवेन," ते म्हणाले. "मी तर कोरडाच आहे."

काउंटरमागे जाऊन ताईंनी भिंतीवरच्या पडद्याचं बटण बंद केलं. वहिनींनी ग्लास मांडले. म्हातारं जोडपं, त्या एकट्या आलेल्या बाई, उस्ताद, काका, सगळे सरकून बसले. खिडकीजवळचे स्टूल कोणी घेतले नाहीत. साहेब त्यांतल्या एकावर बसले आणि दुसऱ्यावर त्यांनी आपली टोपी ठेवली.

मालक अजून उभेच होते. या बाजूला ते कधीच बसले नव्हते, त्यांना कुठे बसावं तेच कळेना. ताईंनी समोरच्या स्टुलाकडे हात केला. मालक बसले आणि त्यांनी हात मांडीवर घेतले.

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं, हसून, आदरानं.

"पहिल्यांदाच आलात का?" त्यांनी विचारलं.

मालकांनी मान वर केली. "हो," ते म्हणाले. "पहिल्यांदाच."